सुरक्षित वस्तरा
सुरक्षित वस्तरा : कातडी कापू नये म्हणून पात्याला आडोसा दिलेले दाढीचे साधन. उघड्या वस्तऱ्याला वारंवार धार लावावी लागे व हातही सरावलेला लागे. अठराव्या शतकात फ्रेंच कारागीर झां झाक पेरे यांनी वस्तऱ्याला लाकडी आवरण बसविले. वापरून टाकून द्यावयाच्या पात्याची कल्पना अमेरिकेतील किंग कँप जिलेट (१८५५–१९३२) यांची. पातळ पोलादी पाते कठीण करण्याची रीत विल्यम निकर्सन यांनी सिद्ध केली. १९०३ मध्ये केवळ ५१ वस्तरे खपले. १९०४ मध्ये एकस्व मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना हे वस्तरे पुरविण्यात आल्याने स्वतः दाढी करण्याची सवय दृढ झाली. माणसाचे न्हाव्यावरील अवलंबन घटले. मात्र पाती पुनःपुन्हा विकत घेणे अपरिहार्य झाले. आडोशाने धोका कमी होतो, आग टळतेच असे नाही. त्यासाठी केस कोमट पाण्याने मऊ करून, दाब न देता, वाढीच्या दिशेने पाते फिरवावे.