प्राध्यापकांचा जाहीरनामा
एकोणिसाव्या शतकाअखेर अमेरिकन विद्यापीठांचा कारभार विश्वस्तांच्या हाती होता आणि प्राध्यापक म्हणजे त्यांचे पगारी नोकर मानले जात. रेल्वेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेन स्टॅनफर्ड यांचा शब्द अखेरचा असे. अर्थतज्ज्ञ एडवर्ड रॉस यांची जाहीर भाषणे त्यांना खपली नाहीत आणि १९०० साली रॉस यांना जावे लागले. त्यांतले आशियाई मजुरांविरुद्धचे भाषण वंशद्वेषी होते, हे लपवण्याचे कारण नाही. पण प्राध्यापकाचे बोलणे तोलायचे कोणी, देणगीदाराने की त्या विषयातल्या जाणकारांनी? निषेधार्थ राजीनामा देणाऱ्यांत तत्त्वज्ञ आर्थर लव्हजॉय होते.

लव्हजॉय आणि जॉन ड्यूई यांच्या पुढाकाराने १९१५मध्ये न्यूयॉर्कला प्राध्यापकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ड्यूई पहिले अध्यक्ष झाले. संघटनेने त्याच वर्षी काढलेल्या जाहीरनाम्याच्या समितीचे प्रमुख होते एडविन सेलिग्मन. भीमराव आंबेडकर तेव्हा कोलंबिया विद्यापीठात ड्यूई आणि सेलिग्मन या दोघांकडे शिकत होते. जाहीरनाम्याने प्राध्यापकाला न्यायाधीशाच्या जोडीला बसवले : न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतात, म्हणून काही निकाल त्यांच्या हुकमाने लागत नाही; तसेच विश्वस्त आणि प्राध्यापकाचे.

कागदाला लगेच बळ आले नाही. १९१७मध्ये कोलंबियानेच युद्धकाळातील भूमिकेवरून जेम्स कॅटेल यांना काढले, तेव्हा इतिहासकार चार्ल्स बिअर्ड राजीनामा देऊन बाहेर पडले. संघटनेच्या १९४०च्या निवेदनाने कायम नेमणुकीचे निकष घालून दिले. १९६६च्या निवेदनाने अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती आणि प्राध्यापकांचा दर्जा यांची मुख्य जबाबदारी प्राध्यापकांकडे सोपवली. १९८०मध्ये मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कारभारातला असाच सहभाग पुढे करून येशिवा या खासगी विद्यापीठाच्या प्राध्यापकांना व्यवस्थापकांत मोजले आणि सामूहिक वाटाघाटींचे कायदेशीर संरक्षण नाकारले.