‘स्टोअर’ आणि ‘बेगमी’

इंग्रजी ‘स्टोअर’ या शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमधून लॅटिन ‘इन्स्तौरारे’, म्हणजे नव्याने उभारणे, या क्रियापदापर्यंत जाते. साठविलेल्या जिनसांवरून तो पुढे जागेस व दुकानासही लागला. कोशांत त्यापुढे ‘साठा’, ‘कोठार’ दिलेले आढळते. ते अपुरे होय. वर्षाच्या पुरवठ्यास मराठीत ‘बेगमी’ म्हणतात. फारसी ‘बे-गम’ म्हणजे निश्चिंत. येथे वस्तूपूर्वी मन आले आहे. सावकाराच्या कोठारातील धान्य हा साठा, कुळाच्या घरातील ती बेगमी. दुष्काळाचे इंग्रजी कागद वाचणाऱ्याने हा भेद सोडू नये. गोरेगाव (जि. हिंगोली) ज्या मराठवाड्यात मोडते, तो प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेथे ज्वारीची बेगमी पेवात, जमिनीखालील खड्ड्यात, ठेवीत. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला.