विषय : गुन्हेगार

दोन वर्षांपूर्वी मी शनिवार-रविवारी एका ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहाचं काम करत होते. पगारी नव्हे, हौसेनं. स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या नोंदी जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्या डेटाबेसमध्ये आणायच्या होत्या. सर्च चालतो का पाहावं म्हणून मी आमच्या समाजाचं नाव टाकलं : कैकाडी. चार नोंदी आल्या. चारही नोंदींत 'विषय' या रकान्यात एकच शब्द होता : गुन्हेगार.

माझी आजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मली. तिचे वडील, ज्यांना ती आण्णा म्हणते, ते गिरणीत कामाला जात आणि हजेरीही देत. बाहेरगावी जायचं तर पास लागे. त्यांनी काय गुन्हा केला होता? काहीच नाही. ते कैकाडी म्हणून जन्मले, एवढंच.

ही व्यवस्था १८७१च्या 'क्रिमिनल ट्राइब्स अ‍ॅक्ट'नं सुरू झाली. एखादी जमात पद्धतशीरपणे गुन्हे करते असं सरकारला वाटलं, की अधिसूचना काढून अख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवता येत होतं. त्या अधिसूचनेला कोर्टात आव्हान देता येणार नाही, हेही कायद्यातच लिहिलेलं. कायदा आधी उत्तरेत लागू झाला, १९११मध्ये त्याची व्याप्ती देशभर वाढली, बोटांचे ठसे आले. १९२४मध्ये तो पुन्हा नव्यानं मांडला गेला. मुलांना आईवडिलांपासून वेगळं ठेवण्याची सोयही त्यात होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून रद्द झाला. म्हणून आपल्याकडे हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

कायदा गेला, पण कॅटलॉगमधला शब्द राहिला.

त्या चार नोंदींपैकी एक होती एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याच्या १९०८च्या पुस्तकाची : 'नोट्स ऑन क्रिमिनल क्लासेस इन द बॉम्बे प्रेसिडेन्सी'. कैकाडी, रामोशी, भामटा, पारधी अशा एकेका समाजाचं नाव घेऊन त्यांचा पोशाख, भाषा, गुन्ह्यांच्या पद्धती त्यात दिल्या आहेत. त्याच पुस्तकात बनावट नाणी कशी ओळखावीत याच्याही सूचना आहेत. माणसं आणि खोटी नाणी एकाच पुस्तकात.

केनेडीनं काय लिहिलं याची जबाबदारी केनेडीची. त्यावर त्याचं नाव आहे, साल आहे. पण 'विषय' हा रकाना त्यानं भरलेला नाही. तो नंतर कुणीतरी ग्रंथालयात बसून भरला. त्यावर सही नाही, तारीख नाही. वाचणाऱ्याला वाटतं, हे मत नाही, माहिती आहे.

मला राग आला आणि रागात मी इंजिनियर जे करतात तेच केलं. स्क्रिप्ट लिहिली. जिथे जिथे 'क्रिमिनल ट्राइब्स' किंवा 'गुन्हेगार जमाती', तिथे तिथे 'विमुक्त जमाती'. एका मिनिटात सगळ्या नोंदी स्वच्छ. त्या रात्री फार बरं वाटलं.

काही महिन्यांनी चुलतभावाची जात पडताळणी आली. आमच्या प्रवर्गाला २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा पुरावा लागतो. सेटलमेंटचं एखादं रजिस्टर मिळतं का, म्हणून त्यानं आमच्याच संग्रहात 'क्रिमिनल ट्राइब्स सेटलमेंट' असं शोधलं. उत्तर आलं : शून्य नोंदी. कारण ते शब्द मीच पुसले होते.

मी नोंदी उघडून पाहिल्या. स्क्रिप्टनं विषयच नाही, शीर्षकंही बदलली होती. १९२४ साली सरकारनं 'विमुक्त जमाती कायदा' केला, असं आमचा डेटाबेस सांगत होता! ज्यांनी आण्णांना तारेच्या कुंपणात ठेवलं, त्यांना मी एका ओळीच्या कोडनं सुटकेचं श्रेय देऊन टाकलं होतं.

आजीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं, त्यांनी आमाला चोर म्हणलं हे खोडू नगंस. कुणी म्हणलं, ते लिव्ह."

हा प्रश्न फक्त आपला नाही. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर १९३० सालापासून ग्रंथपाल होत्या. ड्युई पद्धतीत कृष्णवर्णीयांची पुस्तकं ३२५ किंवा ३२६ या क्रमांकाखाली जात. एक वसाहतीचा, दुसरा गुलामगिरीचा. कविता असली तरी तिथेच. पोर्टरबाईंनी ती पुस्तकं त्यांच्या खऱ्या विषयांत लावली. अलीकडे डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 'इलीगल एलियन्स' या विषयशीर्षकाविरुद्ध २०१४मध्ये मागणी सुरू केली. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ते बदललं २०२१मध्ये, मध्ये तिथल्या संसदेतही वाद झाला. एका शब्दाला सात वर्षं लागली. मला एक मिनिट लागला होता, तेव्हाच शंका यायला हवी होती.

बॅकअप होता. सगळं पूर्ववत केलं आणि मग ग्रंथपालांबरोबर बसून एकेक नोंद हातानं केली. शीर्षक जसं छापलंय तसंच, एक अक्षरही न बदलता. विषय मात्र नवा. केनेडीच्या पुस्तकाला आता 'कैकाडी', 'रामोशी' ही समाजांची नावं आहेत आणि पुढे 'पोलीस प्रशासन – मुंबई इलाखा', 'गुन्हेगार जमाती कायदा'. ते पुस्तक गुन्हेगारांबद्दल नाहीच. पोलीस कुणाकडे कसं बघत होते, त्याबद्दल आहे. जुने शब्द शोधासाठी मागे जोडून ठेवले, म्हणजे जुना शब्द टाकला तरी नोंद सापडते. आणि शेवटी एक टीप : आधी काय लिहिलं होतं, कधी बदललं, कुणी बदललं. कोडमधला प्रत्येक बदल आम्ही नावानिशी नोंदवतो. नोंदींना तीच शिस्त लावायला मला एवढा वेळ लागला.

रजिस्टर सापडलं, पण ते दुसऱ्या गावच्या वस्तीचं निघालं. त्यात आण्णा नव्हते. भावाचं काम अखेर आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर झालं. पण त्या रजिस्टरात इतर कित्येक घरांची नावं आहेत. त्यांची नातवंडं कधीतरी शोधायला येतील, आणि तेव्हा त्यांच्या हाताशी तोच जुना, कडू शब्द असेल. त्यांना तो टाकून रजिस्टर मिळालं पाहिजे.

पुढच्या सोलापूर फेरीत मी आजीला फोनवर केनेडीची नवी नोंद उघडून दाखवली, वाचून दाखवली. शेवटची टीप ऐकल्यावर तिनं विचारलं, "ह्ये कुणी बदललं, तिथं तुजं नाव हाय का?"

आहे, म्हटलं.

"मग आडनाव नीट लिव्हलंय का बघ."