हंटिंग्टन रोग आणि जनुक बदललेले उंदीर
हंटिंग्टन हा आईवडिलांपैकी एकाकडून अपत्याकडे येणारा, मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट करणारा रोग. गुणसूत्र ४ वरील त्याचे जनुक १९९३ मध्ये सापडले. त्यात डीएनएच्या सीएजी या तीन अक्षरांची आवर्तने ४० किंवा अधिक असली, की पुरेसे आयुष्य लाभल्यास रोग जडतोच.

१९९६ मध्ये लंडनच्या गिलियन बेट्स यांच्या गटाने या मानवी जनुकाचा फक्त पहिला तुकडा, लांबलेल्या आवर्तनांसह, उंदरांत घातला. ‘आर६/२’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध वाण. काही आठवड्यांतच त्याला कंप सुटतो, वजन घटते. तो जेमतेम तीन-चार महिने जगतो. पेशीकेंद्रातील प्रथिनांच्या गुठळ्या १९९७ मध्ये आधी या उंदरांत दिसल्या, मग रुग्णांच्या मेंदूत. उंदराने माणसाला वाट दाखवली, ती अशी.

२००० मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी, बंद करता येणारे सदोष जनुक उंदरांत घातले. ते बंद करताच गुठळ्या विरल्या, हालचाली सुधारल्या.

भारतात हरयाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात निहार रंजन जाना यांच्या गटाने ‘आर६/२’वर औषधे तपासली.

मात्र उंदरातले यश माणसात उतरतेच असे नाही. सदोष जनुकातून बनणारे प्रथिन घटवण्याचा उपाय उंदरांत लागू पडला होता. त्याच धर्तीच्या टोमिनर्सेन या औषधाची मोठी मानवी चाचणी मार्च २०२१ मध्ये थांबवावी लागली.