लाइकचा भाव कोण ठरवतं?

२०१८ साली फेसबुकच्या आत एक दरपत्रक लागू झालं. लाइकला १ गुण. रागाच्या, हसण्याच्या, रडण्याच्या किंवा बदामाच्या चिन्हाला ५. स्वतःचा एक शब्दही न जोडता पुढे ढकललेल्या पोस्टला ५. आणि कुणी ठोस कमेंट लिहिली तर ३०. तुमच्या मामेबहिणीच्या साखरपुड्याचा फोटो वर दिसणार की शेजारच्या वॉर्डातल्या भांडणाचा व्हिडिओ, हे या आकड्यांवर ठरत होतं. बाहेरच्या जगाला ते २०२१ मध्ये कळलं, कंपनीतले कागद बाहेर आले तेव्हा.

‘रीच पडलाय’ हे वाक्य आता मराठीत रुळलं आहे. तालुक्याचं बातम्यांचं पेज चालवणारा तरुण ते म्हणतो, घरून साड्या विकणारी बाई म्हणते, कीर्तनाचे व्हिडिओ टाकणारे महाराजही म्हणतात. पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘अल्गोरिदम बदललाय.’ पाऊस लांबला म्हणावं, तसं. पण पावसाला भाव लावणारं कुणी नसतं. इथे भाव लावणारी माणसं आहेत, त्यांना नावं आहेत आणि त्या भावांना वंशावळ आहे. ती समजून घेतल्याशिवाय रीच वाढवण्याच्या कोणत्याही युक्तीला अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी शब्दाबद्दल. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी नावाचे गणिती होते. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. त्याचं लॅटिन भाषांतर युरोपात गेलं, तिथे लेखकाच्या नावाचा अपभ्रंश झाला आणि त्या अपभ्रंशातून ‘अल्गोरिदम’ आला. म्हणजे आपल्याच एक-दोन-तीनची कृती परदेशी नाव घेऊन घरी परतली.

आता कूळ. फीडच्या, म्हणजे समोर येणाऱ्या पोस्टच्या यादीच्या, क्रमाला दोन घराणी आहेत.

पहिलं घराणं मोजणाऱ्यांचं. कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर निबंधांत किती वेळा झाला, याची पद्धतशीर सूची यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये फिलाडेल्फियाहून काढली. ज्याचा हवाला जास्त, त्याचं वजन जास्त. हीच कल्पना १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी वेबपानांना लावली: ज्या पानाकडे बोट दाखवणारी पानं जास्त, आणि ती पानंही वजनदार, ते पान वर. हा पेजरँक, गूगलचा पाया. त्यात एक गोष्ट महत्त्वाची होती. एका पानाचं वजन साऱ्या जगासाठी एकच असे.

दुसरं घराणं अंदाज बांधणाऱ्यांचं, आणि आजचा फीड त्याच्यावर जास्त गेला आहे. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या ‘पार्क’ प्रयोगशाळेत १९९० च्या सुमारास लोक ईमेलखाली बुडत होते. तिथल्या चौघांनी ‘टॅपेस्ट्री’ नावाची यंत्रणा उभारली आणि १९९२ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. एखादा मजकूर वाचणाऱ्याने त्यावर आपलं मत नोंदवायचं. मग दुसरा माणूस सांगू शकायचा की अमक्याला जे आवडलं तेवढंच मला दाखव. कार्यालयात ‘देशपांडेंनी वाचलंय का? मग मीही वाचतो’ म्हणावं, तसंच हे. दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, ‘ग्रुपलेन्स’ आलं. यूजनेट या चर्चामंचावरच्या लेखांना वाचकांनी १ ते ५ गुण द्यायचे. यंत्र आजवर तुमच्यासारखेच गुण देत आलेल्यांना शोधायचं आणि तुम्ही न वाचलेल्या लेखाला तुम्ही किती द्याल, याचा अंदाज सांगायचं. मला हा क्षण फार मोठा वाटतो. तोवर यंत्र झालेलं मोजत होतं. इथून ते तुम्ही पुढे काय कराल ते सांगू लागलं.

ही दोन घराणी ज्या मांडवात एकत्र आली, तिथे एक पुण्यात वाढलेली मुलगी उभी होती. रुची संघवी कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकून फेसबुकमध्ये गेल्या आणि तिथल्या पहिल्या महिला अभियंत्या झाल्या. ५ सप्टेंबर २००६ रोजी ‘न्यूज फीड’ सुरू झालं, त्याची घोषणा त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाली. त्याआधी फेसबुकवर मित्राची खबर घ्यायची तर त्याच्या पानावर जावं लागे. आता सगळ्यांची खबर आपोआप समोर येऊ लागली. लोक चिडले. विरोधासाठी निघालेल्या एका विद्यार्थी गटात काही दिवसांत सुमारे ७ लाख लोक सामील झाले. पण त्या गटाची बातमी लोकांपर्यंत पोचवली ती फीडनेच. विरोध करणारेही पूर्वीपेक्षा जास्त वेळ फेसबुकवर राहत होते. कंपनीने खासगीपणाच्या काही सोयी दिल्या आणि फीड कायम ठेवलं. लोकांच्या बोलण्यापेक्षा बोटांवर विश्वास ठेवायचा, हा या घराण्याचा कुळाचार तिथून पडला.

सुरुवातीची वजनं हातानेच ठरत. फेसबुकचे ख्रिस कॉक्स यांनी नंतर सांगितलं, ते तंबोऱ्याच्या खुंट्या पिळण्याच्या जवळचं काम होतं: फोटो जरा वर, ॲपवरून येणाऱ्या खबरी जरा खाली. ९ फेब्रुवारी २००९ ला लाइकचं बटण आलं. ‘फ्रेंडफीड’ नावाच्या छोट्या सेवेत ते २००७ पासूनच होतं, आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये फेसबुकने ती सेवाच विकत घेतली. लाइकमुळे टॅपेस्ट्रीच्या काळातली अडचण संपली. मत लिहायला माणसं कंटाळतात. अंगठा टेकवायला कुणी कंटाळत नाही.

एप्रिल २०१० मध्ये फेसबुकच्या परिषदेत संघवी आणि त्यांचे सहकारी ॲरी स्टाइनबर्ग यांनी सूत्र उघड केलं. नाव एजरँक, त्यावर पेजरँकची छाप उघड आहे. गुणाकार तिघांचा: नातं, वजन, वय. नातं म्हणजे तुम्ही त्या माणसाच्या पानावर किती जाता, त्याच्याशी किती बोलता. ते एकेरी असे. मी रोज तुमचं पान उघडलं तर तुमच्या पोस्ट मला वर दिसतील. माझ्या तुम्हाला दिसतीलच असं नाही. वजन म्हणजे लाइकपेक्षा कमेंट भारी. वय म्हणजे पोस्ट शिळी होत गेली की गुण घसरत जाणार. गुणाकार असल्यामुळे तिघांतलं एक शून्य झालं की सगळंच शून्य. ज्यांनी कधी तुमच्याशी देवाणघेवाण केली नाही असे दहा हजार फॉलोअर्स जमवून रीच का वाढत नाही, त्याचं उत्तर तेव्हाच दिलेलं होतं.

तीनच वर्षांत ते सूत्र लहान पडलं. ऑगस्ट २०१३ मध्ये फेसबुकने सांगितलं की माणूस फीड उघडतो तेव्हा सरासरी १,५०० गोष्टी त्याला दाखवता येण्याजोग्या असतात. तोवर वजनांची संख्या एक लाखाच्या घरात गेली होती आणि खुंट्या पिळायचं काम यंत्र शिकत होतं. यूट्यूबने २०१२ मध्येच क्लिक मोजणं मागे टाकून पाहण्याचा वेळ मोजायला घेतला होता. २०१६ मध्ये ट्विटर आणि इन्स्टाग्राम दोघांनीही ताजं-आधी हा साधा क्रम सोडला. आपल्या फीडमधलं सरासरी ७० टक्के लोक बघतच नाहीत, हे इन्स्टाग्रामने त्यासाठी दिलेलं कारण. ते खोटं नव्हतं. गर्दीत कुणीतरी निवडायला हवंच होतं. प्रश्न आहे तो निवडीच्या भावाचा.

म्हणून मी पुन्हा २०१८ कडे येतो. जानेवारीत मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केलं की फीडमध्ये आता घरच्यांच्या आणि मित्रांच्या अर्थपूर्ण संवादाला प्राधान्य मिळेल. हेतू ऐकायला चांगला होता. पण संवाद अर्थपूर्ण आहे की नाही हे यंत्राला कसं कळणार? त्याला कमेंटची संख्या कळते. आणि माणसं सर्वांत जास्त कमेंट करतात ती चिडल्यावर. कंपनीच्याच एप्रिल २०१९ च्या अंतर्गत टिपणात पोलंडमधल्या एका पक्षाची गोष्ट आहे. त्यांच्या पोस्ट आधी निम्म्या सकारात्मक, निम्म्या नकारात्मक असत. भाव बदलल्यावर ८० टक्के नकारात्मक झाल्या. पक्षाचा स्वभाव पालटला नव्हता. बाजारात जो माल खपतो तो त्यांनी पिकवला. रागाच्या चिन्हाचा भाव २०१८ मध्येच ५ वरून ४ वर, नंतर दीडवर आणि सप्टेंबर २०२० मध्ये शून्यावर आणला गेला. ५ ते ० हा प्रवास कुणा माणसांनी बैठकीत बसून केला. तेवढ्या काळात किती घरांत, किती गावांत काय पेटलं, त्याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नाही.

३१ मार्च २०२३ रोजी ट्विटरने आपल्या क्रमवारीच्या संगणकीय संहितेचा मोठा भाग खुला केला आणि पाठोपाठ दरपत्रकही. लाइक ०.५. रीट्वीट १. उत्तर १३.५. तुम्ही उत्तर दिलं आणि मूळ लेखकाने त्याची दखल घेतली, तर ७५. ‘हे कमी दाखवा’ म्हटलं किंवा लेखकाला ब्लॉक-म्यूट केलं तर उणे ७४. तक्रार केली तर उणे ३६९. हे भाव घडलेल्या कृतीला नव्हते, ती घडण्याच्या शक्यतेला होते. समजा यंत्राच्या अंदाजाने एखाद्या ट्वीटला तुम्ही लाइक देण्याची शक्यता १० टक्के आहे आणि उत्तर देण्याची फक्त १ टक्का. लाइकचे गुण झाले ०.०५, उत्तराचे ०.१३५. शंभरात एकदा घडणारं उत्तर दहात एकदा मिळणाऱ्या लाइकपेक्षा २.७ पट भारी ठरलं. टिकटॉकच्या २०२१ मध्ये उघड झालेल्या कागदातही हीच मांडणी होती. फरक इतकाच की तिथे माणूस किती वेळ बघत राहील यालाही भाव होता. ग्रुपलेन्सचा अंदाज आणि गारफिल्डचं वजन, दोन्ही घराण्यांचं रक्त एका ओळीत.

टिकटॉकने एजरँकमधलं ‘नातं’ मागे सारलं. तुम्हाला कोण ओळखतं यापेक्षा तुमचा व्हिडिओ कोण शेवटपर्यंत पाहतं, हे मोठं झालं. म्हणूनच ज्यांच्यामागे शहर, आडनाव, ओळखीपाळखी काही नव्हतं, अशी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली मुलं-मुली तिथे लाखोंना दिसली. २९ जून २०२० ला भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि त्यांचं सगळं एका रात्रीत गेलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. अनेकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे.

आज रील कशी चढते? इन्स्टाग्रामने स्वतः सांगितलेली रीत अशी: आधी ती थोड्या लोकांना दाखवतात, ज्यांना ती आवडेल असा अंदाज आहे त्यांना; ते तुमचे फॉलोअर असोत वा नसोत. तिथे टिकली तर त्याहून मोठ्या गटाला, मग त्याहून मोठ्या. कंपनीचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या: किती वेळ पाहिलं, पाहणाऱ्यांपैकी कितींनी लाइक केलं आणि कितींनी ती कुणाला तरी पाठवली. अनोळखी लोकांपर्यंत पोचायचं असेल तर पाठवणं जास्त मोलाचं. हॅशटॅगने रीच फारसा वाढत नाही, असंही ते सांगत आले आहेत. तरी आपल्याकडे बराच काळ रीलखाली तीस-तीस हॅशटॅग लावले जात होते.

‘आईवर प्रेम असेल तर लाइक करा’, ‘एक शेअर शहिदांसाठी’ या मराठी पेजांवरच्या पोस्ट मला मनापासून खटकतात. आईची आणि शहिदांची नावं त्यात वापरून टाकली जातात. आणि त्या चालतही नाहीत: फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच असं लाइक-शेअर मागणाऱ्या पोस्ट खाली ढकलायचं ठरवलं. युक्तीचं असंच होतं. ती सर्वांना कळली की तिचा भाव पाडला जातो. दुसऱ्यांचे व्हिडिओ उचलून टाकणाऱ्या खात्यांनाही इन्स्टाग्रामने २०२४ पासून शिफारशीतून वगळायला घेतलं.

टिकणारं काम थोडंच आहे. पहिल्या दोन-तीन सेकंदांत मुद्दा दाखवा, कारण तिथेच बोट वर सरकतं. कमेंट करणाऱ्याला उत्तर द्या. तो वेळ काढून बोलला आहे. आणि पोस्ट टाकण्याआधी एक माणूस डोळ्यांसमोर आणा, जो ती वाचून ‘हे ताईला पाठवतो’ म्हणेल. द्राक्षावरच्या भुरीचा फोटो आणि त्यावरचा उपाय शेतकरी पाठवतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख बाप मुलीला पाठवतो. कुठलाही भाव बदलला तरी अशा पोस्टचं फारसं नुकसान होत नाही.

पण तो भाव आम्हाला दिसला पाहिजे, ही मागणी मी सोडणार नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानुसार फार मोठ्या प्लॅटफॉर्मना क्रमवारीचे मुख्य निकष सांगावे लागतात आणि माणसाच्या सवयींची नोंद न वापरणारा एक क्रम निवडीसाठी ठेवावा लागतो. मंडईत आणि रेशनच्या दुकानात आपण दरफलक मागतो आणि तो लावलेला असतो. आपल्या खासदारांनी, संपादकांनी आणि रोज तीन-तीन रील करणाऱ्या हजारो मराठी मुलामुलींनी फीडचाही दरफलक मागावा. २०२३ मध्ये एका कंपनीने तो लावला होता. म्हणजे तो लावता येतो.