दोन आठवडे की दोन महिने?

गेल्या रविवारी बाबांचा फोन आला. डॉक्टरांनी मीठ तोडलंय, म्हणून वैतागलेले. "लोणचं नाही, पापड नाही, मग जेवायचं कशाला?" मी राहतो त्या डरहॅम गावाचा या छळाशी जुना संबंध आहे, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. तुम्हाला सांगतो.

वॉल्टर केम्पनर हा ज्यू डॉक्टर हिटलरच्या जर्मनीतून निसटून १९३४ साली इथल्या ड्यूक विद्यापीठात आला. तेव्हा फार वाढलेल्या रक्तदाबावर धड औषधच नव्हतं. (१९४५ साली अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० भरला होता!) केम्पनरने रुग्णांना नुसता भात, फळं, रस आणि साखर यांवर ठेवलं. मीठ जवळजवळ शून्य. १९४२ साली एका बाईला तो म्हणाला, दोन आठवड्यांनी या. त्याच्या जर्मन उच्चारांमुळे तिने ऐकलं दोन महिने. बिचारी दोन महिने तेच खात राहिली! आली तेव्हा रक्तदाब उतरलेला, वाढलेलं हृदय लहान झालेलं, डोळ्यांच्या पडद्यावरचे रक्तस्राव विरलेले.

गंमत म्हणजे केम्पनरला किडनीचं काम हलकं करायचं होतं, म्हणून प्रथिनं कमी. सोडियमकडे बोट इतरांनी दाखवलं. पण फळांतून पोटॅशियमही जात होतंच की! पोटॅशियममुळे किडनी जास्त सोडियम बाहेर टाकते.

मग १९९७ साली 'डॅश' प्रयोगाचे निष्कर्ष आले. चार केंद्रं, त्यातलं एक पुन्हा ड्यूक. ४५९ माणसं, मीठ सगळ्यांना सारखंच. ज्यांना फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूधदुभतं, म्हणजे पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम भरपूर दिलं, त्यांच्यातल्या उच्च रक्तदाबवाल्यांचा वरचा आकडा नेहमीचं अमेरिकन जेवण घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ११ ने जास्त उतरला. २००१ साली त्यावर मीठही कमी करून पाहिलं, तर आणखी उतरला. यात कुठल्या खनिजाचा वाटा किती, ते मात्र या प्रयोगातून सुटं करता येत नाही. एका वेळी एकच स्क्रू फिरवणाऱ्या माझ्यासारख्या इंजिनियरला हे खुपतं.

असो. बाबांनी पळवाट म्हणून सैंधव आणलंय. तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच! चीनमधल्या ६०० खेड्यांत पाव भाग पोटॅशियम क्लोराईड घातलेलं मीठ वापरून पक्षाघात १४ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ साली प्रसिद्ध झालं. पण किडनी दुबळी असेल तर ते पोटॅशियम जिवावर बेतू शकतं. म्हणून बाबांना म्हटलं, आधी क्रिएटिनीनचा रिपोर्ट येऊ दे, मग डॉक्टरांना विचारू.

रिपोर्ट शुक्रवारी मिळेल. तोवर आईने लोणच्याची बरणी शेजारच्या काकूंकडे ठेवलीय.