काच, चांदी आणि खारे पाणी

हिंदुस्थानातील छायाचित्रकलेचा इतिहास सांगताना मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या राजधान्यांचा उल्लेख वारंवार होतो. परंतु मुलूख पालथा घालीत दूरदूरची स्थळे काचेवर उतरविण्याच्या परंपरेचा एक तेजस्वी आरंभ इंदुरात झाला, हे आम्हां माळव्यातील मराठी माणसांनी तरी विसरता कामा नये. मेरठजवळच्या सरधना येथे १८४४ साली जन्मलेले लाला दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन कॉलेजातून शिकून १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशनवीस म्हणून रुजू झाले. पुढे त्यांनी कॅमेरा हाती धरला, आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकर महाराजांचा आश्रय व मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांचे उत्तेजन लाभताच १८७५-७६ मधील प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वारीची चित्रे घेण्यापर्यंत त्यांची मजल गेली. पुढे डेली यांच्या जागी आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला.

गड, देवळे, राजवाडे ही स्थिर असल्याने त्या काळच्या कॅमेऱ्यास मानवत. वऱ्हाडातील लोणार किंवा राजपुतान्यातील सांभर यांसारखे खारे सरोवर मात्र त्याला फार जड जाई. ईथर व मद्यार्कात विरघळविलेले कलोडियन काचेवर ओतायचे, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुऊन चित्र प्रकट करायचे, असा तो सारा खटाटोप. आणि वैशाखाच्या उन्हात ईथर भराभर उडून जात असल्याने हाती मोजकी मिनिटेच उरत. त्यातही पाणी गोडे हवे. खारे पाणी सिल्व्हर नायट्रेटशी मिळाले की दुधासारखा पांढरा साका बसे आणि द्रावण नासे. विलक्षण हे की, चित्र ज्या कागदावर छापीत, त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकात मीठ कालवूनच लेप देत. काचेला वर्ज्य असलेले मीठ कागदाला अत्यावश्यक होते.

लोणारला निसर्गानेच यावर तोड काढून ठेवली आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या उल्काविवराच्या काठावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार अखंड पडते, आणि खाली, मोर-वानरांनी गजबजलेल्या झाडीपलीकडे, सोड्याने जड झालेले पाणी पसरलेले असते. अंधारा तंबू ठोकायला याहून योग्य जागा कोणती?

या सरोवरांवरच्या पक्ष्यांची गोष्ट निराळी. कित्येक सेकंद उघड्या राहणाऱ्या भिंगापुढे रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा म्हणजे नुसती धूसर रेघ. इंग्रज डॉक्टर मॅडॉक्स यांनी १८७१ साली सुचविलेली जिलेटिनची कोरडी काच पुढच्या दशकात प्रचारात आली, तेव्हा कुठे प्रवाशाच्या पाठीवरचा तंबू उतरला. आणि होळकरांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून झालेल्या खंडवा-इंदूर लोहमार्गाने, पुढे अजमेरपर्यंत वाट जोडली गेल्यावर, सांभरही इंदूरकरांच्या आवाक्यात आणले.

तरीही रंग राहिलाच. ओली काच निळ्या प्रकाशाला तत्पर, पण तांबड्याला जवळजवळ आंधळी. रोहिताचा किरमिजी पंख तिच्यावर काळाच उमटायचा. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले आणि ती छायाचित्रे जगभर गेली. दीनदयाळांच्या काचेने तो पालट कोणाला दाखविला नसता. मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या वाढीमुळे तो रंग आला, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून काढला.